ऑर्किडला आग्रह नको

वहिनी,

तुम्ही बाजारातून परतायच्या आत मी नव्या खोलीवर निघालोय. समोर सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा "राहा" म्हणाला असतात, आणि मी लगेच राहिलो असतो.

माझ्या खिडकीत तुमच्यासाठी ऑर्किड ठेवलंय, आपल्या घरातलं पहिलंच. दुकानात लोक पूर्ण फुललेली उचलत होते. मी हिरवी, टणक मुळं आणि मिटलेल्या कळ्या बघून हे घेतलं. या खिडकीत सकाळी कोवळं ऊन येतं, हे मी वर्षभर लोळून अभ्यासलंय. पाणी मात्र कुंडी सुकल्यावरच घाला. पोट भरल्यावरही आग्रहानं वाढायची तुमची पद्धत याला लावू नका, मुळं कुजतील.

संसार मोडून तुमच्या दारात आलो, तेव्हा मी त्याच पद्धतीमुळं जगलो, ही गोष्ट वेगळी.

तुमचा,
धाकटा दीर