सावेडीचे घर आणि मोडलेला ॲक्सल

मी, स्टेला फिलिप पाटोळे, वय बहात्तर, अविवाहित, टेलिफोन खात्यातून सेवानिवृत्त, राहणार सावेडी, अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य अशा कागदात सगळेच लिहितात. मला मात्र ते सिद्धही करावे लागत आहे. माझे दिवंगत बंधू नोहा यांचा मुलगा रॉबिन पावसाळ्यापासून सांगत सुटला आहे की आत्याला चक्कर येते, ती सायकलवरून पडली, आता तिला संगमनेरला आपल्याकडे नेतो आणि हे घर विकून टाकतो. त्याने चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर उभे राहून माझ्यासाठी प्रार्थनेची विनंतीही केली. मी समोरच बसले होते.

१. आधी पडण्याविषयी, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. बाजारातून येताना घराच्या फाटकापाशी मागचे चाक एका बाजूला बसले, फ्रेमला घासून अडकले आणि मी डाव्या हातावर पडले. मनगट मोडले. रॉबिन आला तो निदान घेऊनच आला.

"आत्या, मान्य कर, डोळ्यांपुढे अंधारी आली असणार."

"अंधारी तुझ्या डोळ्यांपुढे आहे," मी म्हणाले.

माझ्याकडे घरकाम करणारी मालनबाई तेव्हा फाटकातच होती. ती म्हणाली, "दादा, मी बगत हुते. चाक आदी बसलं, बाई मागनं पडल्या." तिचे कोण ऐकतो? रॉबिनने सायकल विकायला भंगारवाल्याला बोलावले. मी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवले.

२. तपासणी. आमच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये सिस्टर मरियांचा नियम होता: जिला चाक उघडता येत नाही, तिने सायकलला हात लावायचा नाही. त्यामुळे प्लास्टर घातलेल्या हातानिशी मी व्हरांड्यात बसले आणि मालनबाईने चाक धरले. रिम डुलत होती. शेजारी म्हणाले, तारा आवळा, चाक आउट झाले आहे. तारा वाजवून पाहिल्या, सगळ्या सारख्या ताणलेल्या होत्या. रिम धरून आडवी हलवली तर अख्खे चाक सैल दातासारखे हलले. म्हणजे दुखणे कडेला नव्हते, चाकाच्या मधोमध, हबात होते.

नट काढले, छर्रे धरून ठेवणारे कोन सोडवले, छर्रे ताटलीत घेतले आणि मधला दांडा, म्हणजे ॲक्सल, ओढला. अर्धाच हातात आला. उरलेला अर्धा दुसऱ्या बाजूने काढावा लागला. मोडलेल्या तोंडाचा बराचसा भाग काळपट, गंजलेला होता आणि कडेची एक पातळ कोर लख्ख. लख्ख भाग त्या दिवशी तुटला, गंजलेला कितीतरी आधी. म्हातारी चक्कर येऊन पडली म्हणून लोखंडाला मागच्या तारखेने गंज चढत नाही. शिवाय तडा गेला होता तिथले आटे हातोडीने चेपलेले होते. सरळ ॲक्सल कोणी ठोकत नाही. वाकलेला ठोकतात, आणि तोही ठोकायचा नसतो, बदलायचा असतो.

इथे मी उठून फाटकापर्यंत जाऊन आले. हा राग बसून लिहिता येत नाही. आत रॉबिनचा फोन वाजतो आहे. वाजू दे.

३. गेल्या हिवाळ्यात चर्चच्या हंगामी उपकारस्तुतीला रॉबिन आला होता. आमच्यात त्या दिवशी पहिले पीक वेदीपाशी ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. नोहाच्या खर्ड्याच्या शेतातली ज्वारी माझ्या घरून चर्चला नेताना त्याने दोन खेपा नकोत म्हणून सगळी एकदम माझ्या कॅरिअरवर लादली आणि सायकल गटारावरून उडवली. संध्याकाळी म्हणाला, "आत्या, चाकाला तेल घालून ठेवलंय." मला केवढे कौतुक वाटले. आता त्याची बहीण एंजल हिला विचारले, तर म्हणाली, "आत्या, दादाने ॲक्सल दगडावर ठोकून सरळ केला होता. मला म्हणाला, सांगू नकोस, लेक्चर ऐकावं लागेल."

४. नवा ॲक्सल मी स्वतः बसवला. कोन असे आवळले आहेत की चाक अडतही नाही आणि डुलतही नाही. ज्याला माझ्या बुद्धीची शंका आहे त्याने येऊन ते फिरवून पाहावे.

५. पाने, हातोडी आणि सायकल एंजलला. बँकेतली ठेव माझ्या दफनविधीला, उरेल ती एंजलला. विधीच्या वेळी कोणी "आता ती सुटली" असे म्हणू नये. मला कसलाही त्रास नव्हता, नातेवाईक सोडून.

६. शिलाई मशीन मालनबाईला द्यायचे होते. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. चर्चमधल्या कोणालाही रॉबिनविरुद्ध सही करायची नव्हती. मालनबाई म्हणाली, "मशीन ऱ्हाऊ द्या, सही कुठं करू ते सांगा." म्हणून मशीन मी आज, जिवंतपणीच, तिच्या घरी पोचवले आहे. ती आता साक्षीदार आहे आणि कायद्याला बोलायला जागा नाही.

७. वडिलांचे बायबल रॉबिनला, बिनशर्त. तो वाईट नाही, आळशी आहे. आळशी माणूस पकडला जाईल असे वाटले की दुसऱ्याची काळजी करू लागतो.

८. घर एंजलला. मात्र रॉबिनने त्याच चर्चमध्ये, प्रार्थनेची विनंती केली तेवढ्याच मोठ्या आवाजात, "आत्याला चक्कर आली नव्हती, ॲक्सल मी ठोकला होता" असे सांगितले, तर अर्धे घर त्याचे. यंदाची उपकारस्तुती येत्या रविवारी आहे आणि या कागदाची प्रत मी त्याला आजच पाठवत आहे. या रविवारी नाही जमले तर पुढच्या वर्षी सांगावे, त्याच्या पुढच्या वर्षी सांगावे. माझ्या मृत्यूनंतर सांगितलेले धरले जाणार नाही. मला ते ऐकायचे आहे.

सही: स्टेला फिलिप पाटोळे

आमच्यादेखत बाईंनी वाचून, समजून सही केली, आणि त्यांच्यादेखत आम्ही केली:
डॉ. वैजनाथ घुले, सावेडी (तपासले, प्रकृती ठीक. बोलणे नेहमीसारखेच.)
मालनबाई सहादेव कांबळे

ठिकाण: सावेडी, अहिल्यानगर
दिनांक: ५ नोव्हेंबर २०२५