मालकाच्या रकान्यात

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
६ जानेवारी २०२४

ती. रामादादास,
नीलाचा सप्रेम जय भीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की सगळी चाळ ऐकते, म्हणून पत्रच बरं. सम्यकच्या मोटारसायकलचा विमा महिनाअखेरीस संपतोय. घरोघर जाऊन पाणी शुद्ध करायची मशिनं दुरुस्त करायचं त्याचं काम. विम्याचा कागद नसेल तर शेठ कामावर ठेवणार नाही. दोन-तीन ठिकाणी विचारलं, आकडे ऐकून तशीच परत आले. गाडी अजून ह्यांच्याच नावावर आहे. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आता सम्यकच्या नावावर करायची का? तीस वर्षं आरटीओबाहेर टेबल टाकून तू जगाचे फॉर्म भरलेस, आता भाच्याचा एक फुकट भर.

वहिनींनाही जय भीम. माया आहे तशीच असू दे.
तुझी नीला

कल्याण
११ जानेवारी

चि. नीलास,
अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर वाचताना दोनदा चष्मा पुसला. नाव बदलायच्या फंदात पडू नकोस. दाजींनी कधी क्लेम घेतला नाही, त्याची सूट त्यांच्या नावावर जमलीय. नाव बदललं की ती गेली, शिवाय आरटीओच्या खेपा. मी फॉर्म भरून टाकलाय, मालकाच्या रकान्यात दाजीच. साडेआठशे रुपये वाचले. त्यातच पंधरा लाखांचा अपघात विमाही घेतलाय, म्हणजे रस्त्यात सम्यकला काही झालं तर आधार. असे शेकड्याने फॉर्म भरले मी, कुणाचं अडलं नाही. वाचलेल्या पैशांतून सुकटीची चटणी पाठव.

लोभ कमी करू नकोस.
तुझा दादा

मानपाडा
१९ एप्रिल

ती. दादास,
जय भीम.

तू दवाखान्यात येऊन गेलास, पण सम्यकसमोर बोलवेना. पाय गुडघ्याच्या वर कापलाय हे तो अजून नीट बघतही नाही. त्याच्या गाडीला धडक देऊन पळालेल्या टँकरचा नंबर कुणी घेतला नाही, त्यामुळे तिकडून काही मिळायची आशा नाही. शेठने दुसरा मुलगा ठेवला. मी रडत नाही, रडायला बसले तर उठणार नाही. आता त्या पंधरा लाखांवरच सगळं आहे. त्यातून नकली पाय बसेल, छोटंसं दुकान टाकता येईल. ठाण्याच्या ऑफिसात तूच जाऊन ये दादा, मला तिथलं काही कळणार नाही.

वाट बघतेय.
नीला

कल्याण
२ मे

चि. नीलास,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

ठाण्याला जाऊन आलो. काउंटरवरची मुलगी भली होती. मला ऐकू येत नाही म्हणून ती कागदावर लिहीत गेली. तिने लिहिलं की अपघाताचा विमा फक्त गाडीच्या मालकाचा असतो, मालकांना घेऊन या. मी खाली लिहिलं, मालक वारले. तिने तारीख विचारली. मी लिहिली. मग तिने पेनाला टोपण लावलं.

दाजींचं नाव काढून सम्यकचं घातलं असतं तर पैसे मिळाले असते. आणि त्या सवलतीचं विचारलं, तर म्हणे वडिलांची सूट वारस म्हणून मुलाला मिळतेच, फक्त अर्ज करावा लागतो. हे मला माहीत नव्हतं नीला. तीस वर्षं टेबल टाकलं आणि माहीत नव्हतं. वरच्या साहेबांना भेटलो, त्यांनीही हात जोडले. आता कुठेच दाद नाही. तुझ्या पोराचं मी वाटोळं केलं.

तुझा म्हणवून घ्यायची लाज वाटते.
रामा

मानपाडा
९ मे

ती. दादास,
जय भीम.

पत्र मिळालं. तुझा राग आला, खूप आला. दोन दिवस लिहायला बसले नाही. फॉर्म भर म्हणून तुला सांगायला मीच गेले होते, म्हणून तो राग फिरून माझ्यावरच येतो.

सम्यकला अजून सांगितलेलं नाही. तो वहीत दुकानाचा नकाशा काढत बसतो. शेजारच्या हौसाबाई म्हणाल्या, विम्याचे पैसे मिळतातच असं नाही रे. तर तो त्यांना हसला. म्हणाला, माझा फॉर्म मामाने भरलाय.

मला त्याला सांगता येत नाही. तूच लिही. तुझ्या अक्षरातलं असेल तरच तो खरं मानेल.

नीला