परक्याचा ट्रेलर

आबा, आज बाजारात एक जण "पाचगणीचा बटाटा" म्हणून ओरडत होता, तर मी गरज नसताना पिशवीभर घेतला. घरी येऊन सोलायला बसले आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं, म्हणून कागद घेतला. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बसलीस काय गं, कामं न्हाईत व्हय?" आहेत की, पण राहू देत आज.

लढाई संपल्यावर तुम्ही पलटणीतून घरी आलात आणि साठवलेल्या पगारातून लष्कराचा जुना ट्रक घेतलात. आपली चूल त्या ट्रकवर पेटायची. त्याच्यामागं जोडायचा ट्रेलर मात्र सांगलीच्या शेठचा. त्यांचा गूळ पाचगणीला न्यायचा, येताना बटाटे आणायचे, आणि फेरी नसली की ट्रेलर आपल्याच अंगणात उभा. ट्रकचा विमा तुम्ही उतरवला होता, तोही सरकारनं सक्ती केली म्हणून. विम्याचं नाव काढलं की शेजारच्या बायका कानाला हात लावायच्या. चांगल्या गाडीला अपशकुन कशाला, म्हणायच्या. ट्रेलरचं काय, हे कुणी विचारलंच नव्हतं.

विचारलं ते आईनं, दसऱ्याला. तुम्ही ट्रकला झेंडूचा हार घातलाय, नारळ फोडलाय, आणि आई ताट घेऊन मागं जाऊन थांबलीय. "आवं, ह्येला फूल न्हाई?" तुम्ही म्हणता, "त्यो शेटचा हाय. त्येची पूजा शेट करंल." "शेट सांगलीत आन् ह्यो हितं. मग करनार कवा?" आईचं बरोबर असलं की तुम्हाला हमखास तंबाखूची आठवण व्हायची, तशी तेव्हाही झाली. पुढच्या फेरीला सांगलीत कळलं की शेठनंही पूजा केली नव्हती. ट्रेलर आपल्या दारात, म्हणजे आपण केली असेल असं ते धरून चालले होते. आणि विम्याचंही तेच! शेठना वाटत होतं, ओढणाऱ्या ट्रकच्या विम्यात सगळं आलं. तुम्हाला वाटत होतं, ज्याची वस्तू त्यानं उतरवला असेल. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी त्या ट्रेलरची गत झाली होती.

घरी येऊन तुम्ही सांगितलंत, "इमा उतरंस्तवर मी ट्रेलर जोडनार न्हाई." आईच्या तोंडचं पाणी पळालं. शेठनं दुसरा ट्रकवाला बघितला असता तर आपण काय खाल्लं असतं? ट्रेलर अंगणात तसाच उभा, त्याच्यावर कोंबड्या चढून बसायच्या, आणि आई रोज तुमच्याकडं बघून भांडी आपटायची. शेवटी शेठच आले. ओसरीवर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "लय हट्टी हायस गड्या तू." तुम्ही म्हणालात, "हट्ट न्हाई शेट. घाटात तुमचा ट्रेलर कुनाच्या अंगावर गेला, तर माझा ट्रक इकून बी भागायचं न्हाई." शेठ हसले. विमा त्यांनी उतरवायचा आणि पूजा आपण करायची, असं ठरलं.

त्याच हिवाळ्यात पसरणीच्या घाटात जोडाची पिन तुटली. ट्रेलर उतारानं मागं गेला आणि वळणावरच्या चहाच्या दुकानाची भिंत पाडून आडवा झाला. बाजाराचा दिवस होता, दुकानवाला बाजाराला गेला होता म्हणून दुकान बंद होतं, देवाचीच कृपा. विमा कंपनीचा माणूस येऊन बघून गेला, आणि भिंतीचा नि ट्रेलरचा खर्च कंपनीनं दिला. ट्रक आपल्या दारात राहिला. त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता, आबा, की दिवाळीलाही कधी झाला नाही.

पुढं शेठ तोच ट्रेलर तुम्हाला स्वस्तात द्यायला निघाले, तर तुम्ही घेतला नाहीत. का म्हणून मी विचारलं. "परक्याचा हाय म्हणून जपतोय," तुम्ही म्हणालात. "आपला झाला की म्हनंन, चालतंय की."

तुम्ही गेल्यावर माझं लग्न झालं, हे तुम्हाला कुठलं माहीत असायला! त्या घरात एक बिनआईची लहान पोर होती. तिला मी तुमच्या त्या बोलण्याप्रमाणं जपलं. घास मऊ करून भरवला, कधी आवाज चढवला नाही. सावत्र असून किती करते, असं बायका म्हणायच्या आणि मला बरं वाटायचं. मग एकदा ती विहिरीच्या कठड्यावर वाकलेली दिसली. मी धावत जाऊन तिला ओढलं आणि अशी काही ओरडले की गल्ली गोळा झाली. पोर रडत रडत माझ्याच कमरेला चिकटली. त्यानंतर मी तिच्यावर रोज ओरडत आले. आता ती स्वतः आजी झालीय आणि माझ्यावर ओरडते, गुडघे दुखत असताना बाजारात गेलीस कशाला म्हणून.

हा कागद पाठवायचा कुठं? राहील उशीखाली. पण एवढं सांगते, तुमचं बोलणं मी त्या विहिरीपाशी मोडलं, आबा. तिला परक्याची म्हणून जपायचं मला पुन्हा जमलंच नाही.