वजीर देऊन उरतं काय

रविवार, ५ जानेवारी २०२५

चर्चमधून येऊन अजून पर्सही खाली ठेवली नव्हती, तोच कल्याणचा फोन. "मॅडम, तो शहाऐंशीचा डाव लिहून द्या ना. तुमचा आणि मुजफ्फर सरांचा. मंडळाच्या स्मरणिकेत छापू. नुसत्या खेळ्या नकोत, विश्लेषण पाहिजे!"

कल्याण आमच्या बुद्धिबळ मंडळाचा चिटणीस. तेव्हा जन्मलाही नव्हता. तरी त्याला डाव ऐकून माहीत!

बघते म्हटलं. फोन ठेवला आणि पर्स तशीच खांद्याला, खुर्चीत बसून राहिले. साठी उलटली माझी — आणि हे असं.

सोमवार, ६ जानेवारी

पट माळ्यावर सापडला. सॅमच्या जुन्या सुटकेसखाली. एक काळं प्यादं गायब. त्याच्या जागी खोकल्याच्या औषधाचं झाकण ठेवलं.

सॅम फार चांगला नवरा होता. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो. पण पटाशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं. "किती वेळ एकाच लाकडाकडे बघतेस," म्हणायचा. हसून म्हणायचा, रागावून नाही.

डाव आठवावा लागला नाही. हात आपोआप चालले.

जिल्ह्याची खुली स्पर्धा. मे महिना, शाळेचा हॉल, पंखे नुसते घरघरत होते. सगळ्या हॉलमध्ये मी एकटी मुलगी. समोर भिंगारचा मुजफ्फर — गेल्या वर्षीचा विजेता. पांढऱ्या माझ्या.

अठराव्या खेळीला मी हत्ती दिला, त्याच्या एका घोड्यासाठी. मागून कुणीतरी "अरेरे" म्हणालं. पोरीची चूक झाली असं वाटलं त्याला! मग उंट — थेट त्याच्या राजापुढच्या प्याद्यावर, शह. राजानं उंट खाल्ला. मग घोडा पुढे, पुन्हा शह. तो राजा घेऊन मागे सरला. मग माझा वजीर पटाच्या कडेला येऊन उभा राहिला, आणि हॉलमध्ये एकदम शांत झालं. त्याचा राजा पळत पळत पटाच्या मधोमध आला. तिथंच मात.

मुजफ्फर उठला नाही. हात मिळवायचाही विसरला. पटाकडे बघत हसायला लागला. "काय सुंदर खेळलात हो!"

हरल्यावर असा आनंद झालेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

आज नीट बसून विश्लेषण सुरू केलं. हत्ती देणं बरोबर होतं का? बरोबर. उंट? तोही बरोबर. सगळं अडतं ते घोड्याच्या शहापाशी. एकविसावी खेळी. त्यानं तिथं राजा मागे नेला आणि मेला. दुसरं काही होतं का?

हाच प्रश्न त्या उन्हाळ्यात आम्ही रोज मांडायचो. वाचनालयाच्या ओट्यावर, दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. तो भिंगारहून सायकल मारत यायचा. सदरा पाठीला चिकटलेला. बसल्याबसल्या म्हणायचा, "बचाव आहे. सापडेल." मग राजा पुढे नेऊन बघायचा. राजा कडेला नेऊन बघायचा. मी प्रत्येक वेळी मात करायची. एकदा त्यानं वजिराकडे नुसतं बोट नेलं, तर मी खो खो हसले — "वजीर देऊन उरतं काय!" त्यानं बोट मागे घेतलं.

शेवटपर्यंत एकमेकांना तुम्हीच म्हणत होतो. दुसरं काही कधी बोललो नाही. बोलणार काय? तो मुसलमान, मी ख्रिश्चन, आणि गाव एवढंसं. पण खरं सांगायचं तर ते कारणही डोक्यात आलं नव्हतं. मी एखादी खेळी करायची आणि ती का केली ते त्याला न सांगता कळायचं. बस. तेवढं पुरायचं. तेवढं नंतर कुठेच मिळालं नाही — नोकरीत नाही, घरात नाही, इतकी वर्षं पोरांना गणित शिकवलं तिथंही नाही.

ऑगस्टमध्ये म्हणाला, "परवा निघतोय. सौदीला, दम्मामला. ड्राफ्ट्समनचं काम आहे."

मी म्हटलं, "बरं."

बरं!

रविवार, १२ जानेवारी

शेजारचे सगळे हुरड्याला गेले. मलाही बोलावलं होतं. नाही गेले. एकविसाव्या खेळीपाशी अडकलेय.

मंगळवार, १४ जानेवारी

पुण्याहून प्रार्थनाचा फोन. लेक माझी हुशार आहे, पण धीर नाही.

"मम्मी, मोबाईलमध्ये टाक ना डाव! एका मिनिटात सांगेल बचाव आहे का नाही."

"नको."

"अगं, पण का?"

का ते सांगता आलं नाही. मोबाईलनं सांगितलं की संपलं. मग त्या ओट्यावर कुणी बसलेलं राहणार नाही. हे लेकीला कसं सांगायचं? म्हटलं, डोळे दुखतात स्क्रीननं.

रविवार, १९ जानेवारी

कल्याण घरी आला होता. चहा घेता घेता सहज म्हणाला, "मुजफ्फर सर भिंगारलाच आहेत की आता. दोन वर्षं झाली परत येऊन. कुणाला भेटत नाहीत म्हणे."

दोन वर्षं! माझ्या सावेडीपासून भिंगारचं अंतर ते केवढं! त्याच रस्त्यानं मी कितीदा गेले असेन. एखाद्या रिक्षात शेजारी बसला असता तरी ओळखलं असतं का मी?

ओळखलं असतं.

बुधवार, २२ जानेवारी

भिंगारला जायला रिक्षा केली. किल्ल्यापर्यंत गेले आणि रिक्षावाल्याला म्हटलं, परत फिरव. तो म्हणाला, "काही विसरलं का?" हो म्हटलं.

शुक्रवार, २४ जानेवारी

एवढंच विचारायचं, की बचाव सापडला का. यात कुणाला काय वाटायचंय? आणि काय वाटायचं ते वाटो.

रविवार, २६ जानेवारी

गेले. पट पिशवीत घालून गेले.

भिंगारमध्ये जुन्या बाजाराच्या मागं घर. दार उघडलं ते त्याच्या बायकोनं. माझ्याच वयाची, ठेंगणी, डोक्यावरून ओढणी. मी नाव सांगायच्या आत म्हणाली, "तुमी मेरी. या."

"तुम्ही कसं ओळखलंत?"

"यांना भेटाया पट घिऊन येनारी बाई दुसरी कोन आसनार?" पिशवीतून पटाचा कोपरा दिसत होता. "मी आयेशा."

मुजफ्फर खिडकीपाशी खुर्चीत. केस पांढरे. उजवा हात मांडीवर पडलेला — ठेवलेला नव्हे, पडलेला. मी थांबलेच.

"गेल्या साली झटका आला," आयेशा म्हणाली. "उजवी बाजू गेली. बोलनं बंद हाय. पन समजतं समदं. बोला तुमी."

काय बोलणार? रस्ताभर जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. "बरे आहात ना?" असं काहीतरी वेड्यासारखं म्हटलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग नजर पिशवीकडे गेली आणि तिथून हलेना.

आयेशानं स्टूल ओढलं, पट मांडला. तिचा हात बघत राहिले. सोंगट्या बरोबर जागी, भराभर.

"तुम्हाला येतं?"

"यांनी शिकवलं. मी खर्डा गावची. लगीन झालं आन् थेट दम्मामला. हे कामावर, मी दिसभर एकलीच. नव्या नवरीला लोक सोनं दावत्यात. यांनी मला तुमचा डाव दावला!" ती हसली. "सोंगट्यांच्या आदी तुमचं नाव पाठ झालं. लई राग यायचा मला, बाई. खरं सांगते."

"मग?"

"मग डावच आवडाया लागला. राग कुठवर धरनार?"

पांढऱ्या मी घेतल्या. काळ्या तिनं. मुजफ्फर बघत होता. हत्ती दिला. उंट दिला. घोडा पुढे टाकला — शह. एकविसावी. मी वाट बघत होते की ती राजा मागे नेणार, जसा त्यानं नेला होता.

तिचा हात वजिराकडे गेला. "न्हाई. हितं वजीर द्यायचा." आणि तिनं वजिरानं माझा घोडा उचलला.

माझा उंट होताच टपलेला. मी वजीर खाल्ला. आणि तोंडातून निघून गेलं, "वजीर देऊन उरतं काय!"

"दोन हत्ती, दोन उंट," ती म्हणाली. "आन् जित्ता राजा."

मी पटाकडे बघत राहिले. माझा वजीर होता, हत्ती होता, उंट होता. हिशेबानं थोडं जास्तच. पण शह द्यायला काही नाही! हल्ला संपलेला. त्याचा राजा आपल्या जागी जाऊन बसणार, त्याचे हत्ती पुढे येणार, आणि तिथून लांबलचक साधा डाव. हरायचा नाही तो.

"हे त्यांना कधी सापडलं?"

"सौदीला जायच्या आदीच. तुमी वाचनालयात बसायचा ना, तवाच."

"मग मला का नाही सांगितलं?"

आयेशानं नवऱ्याकडे बघितलं. विचारल्यासारखं. त्याची नजर पटावरच.

"म्हनायचे, सांगितलं तर त्या उद्या कशाला येतील?"

बाहेर शाळेची पोरं झेंडावंदनाहून घरी चालली होती, त्यांचाच काय तो आवाज.

मुजफ्फर हसला. डाव्या बाजूनं. अर्धंच — पण तेच हसू. डावा हात उचलून त्यानं पटावर ठेवला. कुठली सोंगटी हलवली नाही. नुसता ठेवला. मग थकला आणि डोळे मिटले.

आयेशानं त्याचा हात उचलून परत मांडीवर ठेवला. मला फाटकापर्यंत सोडायला आली. रिक्षा मिळेपर्यंत उभी राहिली. मी रडत होते हे तिला दिसत होतं. ती नुसती माझी पिशवी धरून होती.

सोमवार, २७ जानेवारी

राग आलाय.

माहीत होतं तर गेलास का? आणि जायचंच होतं तर रोज उन्हातून सायकल मारत कशाला यायचास? एक वाक्य. एक तरी वाक्य बोलायचं!

पण मी तरी काय बोलले. बरं म्हटलं.

विचारायचं होतं ते आता विचारता येणार नाही. त्याच्याकडे कान आहेत, डोळे आहेत. उत्तर नाही. आणि ते अर्धं हसू आज दिवसभर डोळ्यांपुढून जात नाही. स्वयंपाक केला तो तसाच झाकून ठेवलाय.

मंगळवार, २८ जानेवारी

दुपारी पट मांडला. आयेशाची खेळी पुन्हा पुन्हा तपासली. सगळ्या बाजूंनी हल्ला करून पाहिला. फुटत नाही. चांगला बचाव आहे. फार चांगला! मला दिसायला हवा होता. मी हसण्यात घालवला.

त्या बाईचा विचार करतेय. परक्या गावात, चार भिंतींत, नवऱ्याच्या तोंडी दुसऱ्या बाईचा डाव. तिनं पट उधळून दिला असता तर कुणी नावं ठेवली असती का? तिनं शिकून घेतला.

संध्याकाळी कल्याणला विश्लेषण पाठवलं. एकविसाव्या खेळीखाली लिहिलं — इथं वजीर देऊन काळ्याला बचाव आहे, शोध मुजफ्फर यांचा, मला दाखवला त्यांच्या पत्नी आयेशा यांनी. कल्याणचा लगेच फोन. "मॅडम, म्हणजे तुमचा हल्ला चुकीचा होता असं छापायचं?"

"छाप," म्हटलं.

गुरुवार, ३० जानेवारी

पट आवरून ठेवावा म्हणते. ठेवत नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

चार वाजता बेल वाजली. आयेशा! एकटीच, रिक्षानं आली. त्यांची लेक अर्शी आलीय औरंगाबादहून, ती बसलीय वडिलांपाशी. "त्यांनीच डाव्या हातानं दाराकडं दावलं, जा म्हून," म्हणाली. मी सवयीनं जुना डाव मांडायला लागले, तर तिनं सोंगट्या हातानं एकत्र लोटल्या. "त्यो न्हाई. त्यो त्यांचा. आपन आपला खेळू."

चहा दोनदा गार झाला. मी तिसाव्या खेळीला हत्ती गमावला, तिनं सोडला नाही. हरले!

जाताना चपला घालत विचारते, "मेरी, परत कदी?"

म्हटलं, उद्याच ये गं. पांढऱ्या माझ्या.