बॅटरीखालचा बोल्ट

तात्या, तुमची पांढरी गाडी तीन आठवड्यांपूर्वी काटेवाडीच्या अलीकडं भर रस्त्यात बंद पडली. मी इंदापुराहून बारामतीला परत येत होतो. दिवस मावळायला आला होता, समोरून उसाचे ट्रेलर येत होते, म्हणून हेडलाइट लावले. लावल्याबरोबर इंजिनाच्या उष्णतेचा काटा एकदम वर चढला आणि पेट्रोलचा खाली बसला. हॉर्न दाबला तर घसा बसलेल्या माणसासारखा निघाला. ब्रेकवर पाय ठेवला आणि इंजिन गेलं. आचका नाही, धूर नाही, जळका वास नाही. सगळं बंद करून दहा मिनिटं बसलो, मग किल्ली फिरवली तर पहिल्या फटक्यात चालू. हे एवढ्या बारकाईनं लिहितोय कारण तुम्हाला लक्षणं उलटसुलट सांगितलेली चालायची नाहीत. इंदापूरच्या तुमच्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात कोणी "गाडी त्रास देती हो" म्हणालं की तुम्ही विचारायचा, "कवा देती? उताराला का चढाला? दिवं लावल्यावर का इजवल्यावर? नीट आठव, मग ये."

घरी हे ऐकायला कोणी नव्हतं. तुमची सून दीड वर्ष झालं पुण्यात आहे, नातीला सांभाळायला. पोरगा आणि त्याची बायको दोघंही नोकरीवर जातात, पोर लहान आहे, तिचं जाणं बरोबरच होतं. मला चल म्हणाली होती. मी म्हणालो, माझ्या पाण्याच्या मोटारींच्या पॅनलचं कोण बघणार? बारामतीपासून लासुर्ण्यापर्यंत विहिरीवरचा स्टार्टर अडला की अजून मलाच फोन येतो. तो एक फोन सोडला तर दिवसभर फोन वाजत नाही, हे तिला सांगितलं नाही. दोन भाकरी सकाळी थापतो, एक दुपारी खातो, एक रात्री.

पोराला गाडीचं कळलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, द्या आता भंगारात. कुठंतरी मध्येच बंद पडली, मागून ट्रेलर आला तर?" त्याचं चुकीचं नव्हतं. पण त्याला काय माहीत, महिन्यातून एकदा मी विनाकारण इंदापूरला जातो, तुमचं दुकान होतं त्या जागेसमोर गाडी लावतो, चहा पितो आणि परत येतो. तेवढाच प्रवास आहे माझा. गाडी गेली की तोही गेला. मी त्याला शब्द दिला, "तीन आठवडे दे. तिसऱ्या रविवारपर्यंत दोष सापडला नाही तर देऊन टाकतो." मग लोणी भापकरच्या जुन्या गाड्या घेणाऱ्याला त्या रविवारी सकाळी यायला सांगूनही ठेवलं. दोष सापडणारच, अशी माझी माझ्याबद्दल खात्री होती.

तात्या, मी वहीत सगळं लिहीत गेलो. बॅटरी नवी घातली. डायनामोचे कार्बन बदलले. एकूण एक फ्यूज काढून पॉलिश पेपरनं घासला. किल्लीचं स्विच उघडून साफ केलं. प्रत्येक कामानंतर मीटर लावला. बॅटरीवर बारा पूर्णांक सहा व्होल्ट. बॉडीवर बारा पूर्णांक सहा. हेडलाइटच्या स्विचकडं येणाऱ्या वायरीवर तेवढंच. मोजताना सगळं बंद पाहिजे ही माझी शिस्त, पॅनलवर काम करताना अंगात भिनलेली. मीटर म्हणत होता दोष नाही, आणि दिवे लावून कॉलनीबाहेर निघालो की गाडी मान टाकत होती. शुक्रवारी संध्याकाळी वही मिटली. जिथं जिथं हात लावायचा तिथं लावून झाला होता.

शनिवारी दुपारी गाडी रिकामी करायला घेतली. दुसऱ्याच्या दारात आपली चिंधीसुद्धा जायला नको. डिकीतली स्टेपनी उचलली तर तिच्या खाली, खाकी फडक्यात गुंडाळलेला तुमचा दिवा. जुन्या जीपच्या हेडलाइटचा बल्ब, त्याला डाग देऊन जोडलेल्या दोन वायरी, टोकांना चिमटे. दुकान बंद केलं त्या दिवशी तुम्ही हा माझ्या हातात दिला होता. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," एवढंच म्हणाला होता. मी घरी नेला नाही, गाडीतच टाकला. माझ्याकडं मीटर होता.

तो मीटर पुण्याहून आणला तो दिवस मला काल घडल्यासारखा आठवतो. मी थेट एसटीनं इंदापूरला येतो, तुम्हाला दाखवायला. दुकानात निमगावची एक जीप उभी आहे, चार माणसं बाकड्यावर बसलीत. मी कोणी न विचारता मीटर काढतो, इकडं तिकडं टोचतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो, "वायरिंग ठीक आहे. सगळीकडं पूर्ण बारा येतंय." तुम्ही विडी कानावर ठेवता, तुमच्या दिव्याचा एक चिमटा बॅटरीला लावता, दुसरा जीपच्या बॉडीला. बल्ब लाल होतो, चुलीतल्या शेवटच्या निखाऱ्यासारखा. बाकड्यावरचा एक जण म्हणतो, "आरं तिच्या, पुण्याचं मीटर खोटं बोलतंय की रं!" सगळे हसतात. आणि तुम्ही म्हणता, "खोटं न्हाय बोलत. त्ये पाव्हण्यावानी हाय. दारातनंच इचारतंय, बरं हाय का? घरचं म्हणतंय, बरं हाय. पाव्हणा चालला म्होरं. घरात येऊन, ताटाव बसून, चार घास मागून बघ, मग कळतंय आत पीठ हाय का न्हाय."

मी रागानं लाल झालो होतो. म्हणालो, "मला कुणी शिकवलं नाही, माझं मी पुस्तकं वाचून शिकलोय." तुम्ही नुसतं "व्हय" म्हणाला आणि जीपकडं वळला. खरंच होतं ते. तुम्ही मला दुकानात कधी पान्ह्याला हात लावू दिला नव्हता. काळे हात एकट्याचे पुरे, असं म्हणायचा. पण मी बघत होतो ना, तात्या. बघायला कुठं तुम्ही मनाई केली होती?

शनिवारी तो दिवा पुसला. चिमटे बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावले, पांढरा शुभ्र पेटला. मग एक चिमटा उचलून बॉडीला लावला. लाल निखारा. मी तिथंच फरशीवर बसलो. तीन आठवडे मी गाडीला दारातनंच विचारत होतो. मीटर तिच्याकडं काही मागत नाही, म्हणून त्याला ती पूर्ण बारा दाखवत होती. हेडलाइटनं मागितलं की मोडून पडत होती. एवढी साधी गोष्ट, आणि माझ्यासारख्या माणसाला कळली नाही.

बॅटरी काढली, तिच्याखालचा पत्र्याचा ट्रे काढला, जो मी तीन आठवड्यांत एकदाही काढला नव्हता. खाली अर्थिंगची वायर बॉडीला धरून ठेवणारा बोल्ट. इंजिनाला वेगळी वायर होती, म्हणून किल्ली फिरवली की ती चालू होत होती. बोल्ट कसला, हिरव्यापांढऱ्या खाराचा गड्डा. वायरीच्या वेणीतले दोन-तीन धागे तेवढे शिल्लक. आणि त्या खारात काय अडकलं होतं माहिती आहे? नारळाच्या शेंड्या. वाळलेलं कुंकू.

दसऱ्याला दुकानासमोर गाड्यांची रांग लागायची आणि तुम्ही ओरडत फिरायचा, "नारळ चाकाम्होरं फोडा! बॉनेट उघडायचं न्हाय! देवाला बॅटरी लागत न्हाय, त्ये खारं पाणी तिला खातंय!" एका बाईनं विचारलं होतं, "मग आत इंजनात देव न्हाय का वो?" तुम्ही म्हणाला, "हाय की, पन त्येला आंघुळ नगं." ही तुमची शिस्त मला तोंडपाठ होती. तरीसुद्धा तुम्ही गेल्यावरचे अकरा दसरे मी बॉनेट उघडलं. गाडी धुवायची, हार घालायचा, नारळ फोडायचा आणि अर्धी वाटी पाणी आत, बॅटरीच्या अंगाला शिंपडायचं. कारण गाडीत तुमचा हात शेवटचा जिथं फिरला होता तो तोच कोपरा. बाहेरच्या चाकाला काय तुमची ओळख? दरवर्षी ओंजळभर पाणी घालून मीच तो बोल्ट खात आलो.

खार घासून काढला, पत्रा उघडा केला, वायर नवी केली, बोल्ट घट्ट पिळून वर ग्रीस लावलं. दिवा पुन्हा बॉडीला धरला, पांढरा. मग दोन्ही हेडलाइट, वायपर, पंखा, सगळं एकदम चालू ठेवून काटेवाडीपर्यंत गेलो आणि आलो. काटा हलला नाही.

रविवारी लोणी भापकरचा माणूस दोर घेऊन आला. गाडी दारात घुमत होती. "आवं राव, ही तर जित्ती हाय! मी मयताच्या तयारीनं आलो," म्हणाला. त्याला चहा पाजला. तो गेल्यावर वाटलं, त्यानं खरं तर आणखी थोडा वेळ थांबायला हवं होतं.

दुपारी पोराचा फोन आला. त्यानं विचारलं, "सापडलं? कुणाला दाखवलं मग?" मी म्हणालो, "कुणाला कशाला? माझं मीच शोधलं." तो हसला. मागून नातीचं रडणं ऐकू येत होतं, तिची आजी तिला काहीतरी समजावत होती. फोन ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "आणि तुम्ही? बरे आहात ना?" मी म्हणालो, "एकदम."

हा कागद दिव्याबरोबर त्याच खाकी फडक्यात गुंडाळून स्टेपनीखाली ठेवतोय, दुसरीकडं कुठं पाठवणार? तात्या, पोरानं फोनवर दोनदा दारातनंच विचारलं, आणि दोन्ही वेळेला मी सगळं बंद ठेवून उत्तर दिलं.