दोन मास्तरांच्या मधली चिमी

प्रिय ढब्बू,

आता तुझे कानशिलावरचे केस पिकले, तरी कागदावर तू मला ढब्बूच सुचतोस. पत्र बघून हसशील. फोन असताना बाबांना हे काय सुचलं, असं बायकोला म्हणशीलही. पण तू फोनवर "हं, बोला" म्हणालास की मला जे बोलायचं असतं ते कुठल्या कुठे पळून जातं. पाण्याच्या पंपघरात उभी हयात गेली. त्या घरघराटात माणसांशी बोलण्यापेक्षा स्वतःशी कविता म्हणणं सोपं होतं. शाळेतल्या सगळ्या कविता मी त्या मोटारींच्या ठेक्यावर म्हटल्या आहेत. काहींचे शब्द गेले, चाल तेवढी उरली. आज सकाळी दाढी करताना एक नदीची कविता अशीच नुसत्या चालीत गुणगुणत होतो, तर तुझी आई आतून म्हणाली, "झाला, नळ सुरू झाला." तिचे गुडघे दुखतात, पण जीभ ठणठणीत आहे. काळजी नसावी.

चिमीच्या दुकानाबद्दल लिहायचं आहे. म्हणजे जे आता तिचं नाही त्या दुकानाबद्दल. विषय काढला की तू फोन ठेवतोस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील, अशी आशा आहे.

तू नोकरीसाठी लांब गेलास आणि तुझी बहीण त्या शिवणाच्या दुकानात लागली, दोन्ही एकाच सुमारास. त्यामुळे ते दुकान तू आतून असं कधी पाहिलंच नाहीस. मी रोज संध्याकाळी फिरून येताना काचेतून डोकवायचो. खिडकीशी बेतायचं लांबलचक टेबल, तिथे मोठे मास्तर. मागच्या भिंतीशी मशीन, तिथे धाकटे मास्तर. मोठे बेतायचे, धाकटे शिवायचे. सख्खे भाऊ, आणि एकमेकांशी एक अक्षर बोलायचे नाहीत. दोघांच्या मधे एक छोटं टेबल होतं. पूर्वी तिथे त्यांची आई काजं करत बसायची आणि इकडचं बोलणं तिकडे करायची. ती गेल्यावर एक कारागीर ठेवला, तो महिनाभरात डोकं धरून पळाला. मग आपली चिमी आली आणि टिकली.

"चिमे, त्यांना सांग, गिऱ्हाइकाचा डावा खांदा उतरता आहे." चार हातांवर बसलेल्या धाकट्यांनी ते स्वच्छ ऐकलेलं असायचं. पण चिमीने सांगितल्याशिवाय ते ऐकलं असं धरायचं नाही, हा दुकानाचा रिवाज. मग ती वळून सांगायची. "सांग त्यांना, दिसतंय मला. मी काही आंधळा नाही." यातलं पहिलं वाक्य चिमी पोचवायची, दुसरं स्वतःकडे ठेवायची. अशी किती वाक्यं तिच्यापाशी साठली असतील, देव जाणे. दोघांचं बिनसलं कशावरून, याबद्दल गल्लीत अनेक मतं होती. कोणी म्हणे एका लग्नाच्या कोटाची कॉलर उलटी लागली, कोणी म्हणे एक मुलगी होती. मला विचारशील तर दोघंही कारण विसरले असावेत. पण विसरलो हे एकमेकांना सांगायला आधी बोलावं लागलं असतं.

आता कोटाची गोष्ट. तू तेव्हा इथे नव्हतास आणि नंतर तुला कोणी ती नीट सांगितलेली नाही. एका वर्षी थंडी फार पडली होती. मोठ्या मास्तरांनी, जे कधी मशीनला हात लावत नसत, त्यांनी एक करडा लोकरी कोट स्वतः बेतला आणि स्वतः शिवला. धाकटे दोरा आणायला बाहेर गेले असताना तो चिमीपुढे टाकला आणि म्हणाले, "हा तुझा." पोरगी नाचत घरी आली. घालून बघते तर बाह्या बोटांच्याही खाली. तुझ्या आईने पदर तोंडाला लावला, म्हणाली, "यात तू, मी आणि शेजारीण, तिघी मावू गं. माप घेताना मास्तरांनी डोळे मिटले होते का?" दुसऱ्या दिवशी चिमीने भीतभीत कोट टेबलावर ठेवला आणि खांदे मोठे झालेत म्हणून सांगितलं. मास्तरांनी मानसुद्धा वर केली नाही. "मी माप चुकत नाही, चिमे," एवढंच म्हणाले. ती तशीच उभी राहिली. मग तिचं लक्ष मशीनवर वाकलेल्या धाकट्यांकडे गेलं, त्यांच्या कोपरावर विरलेल्या स्वेटरकडे, आणि त्यांच्या रुंद खांद्यांकडे. तिने गुपचूप कोट त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. संध्याकाळी धाकट्यांनी तो घातला, सगळी बटणं लावली आणि म्हणाले, "सांग त्यांना, बाही बरी बसली."

तिथून पुढे तीच रीत पडली. चष्मा, खोकल्याचं औषध, खुर्चीवरची गादी, सगळं आधी "हे तुझं" म्हणून चिमीच्या हातात यायचं आणि दिवस मावळायच्या आत मागच्या भिंतीशी पोचायचं. चिमी कधी चुकली नाही. मोठ्या मास्तरांनी तिला कधी आभाराचा शब्द दिला नाही, बेतायला मात्र शिकवलं. खडू कसा धरायचा, कापडाचा कल कसा ओळखायचा, सगळं. सख्ख्या भावाला ज्या कात्रीला हात लावू दिला नाही, ती तिच्या हातात दिली.

मग मास्तर गेले आणि वकिलांनी मृत्युपत्र वाचलं तेव्हा तू आला होतास. दुकान, वरची खोली, सामानसुमान, सगळं चिमीच्या नावावर. धाकट्यांचं नाव कुठेच नाही. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तिला उचलून गरगर फिरवायचंच काय ते बाकी ठेवलं होतंस. मला मात्र दाराजवळच्या बाकावर बसलेले धाकटे मास्तर दिसत होते. टोपी गुडघ्यावर, नजर टोपीत. सगळे उठले तेव्हा त्यांनी चिमीला हळूच विचारलं, "उद्या यायचं ना मी?" त्या वयाच्या माणसाने जिथे जन्म काढला त्या दुकानात यायचं की नाही हे विचारावं, हे मला ऐकवेना.

चिमीने सगळं धाकट्यांना द्यायचं ठरवलं. पुढचं तुला माहीत आहे, पण मी कसं पाहिलं तेही ऐक. तू लोभी नव्हतास, हे मी सगळ्यांना सांगतो. स्वतःसाठी तू काहीच मागितलं नाहीस. शेजारचा औषधवाला जागा घ्यायला एका पायावर तयार होता, ती विकावी, चिमीला तुझ्याजवळ एक छोटं घर घ्यावं, संसार मोडून आलेली बहीण म्हातारपणी उघड्यावर पडू नये, एवढंच तुझं म्हणणं. आईचं म्हणणंही बिनतोड होतं. "भावाला द्यायचं असतं तर भावाचं नाव लिहिता येत नव्हतं? मास्तरांचा हात मोडला होता?" मी तर आणखी शहाणा. मी सुचवलं, अर्धं तू ठेव, अर्धं त्यांना दे. दोन्ही चरण कसे सारखे, असं वाटून स्वतःवर खूशही झालो. चिमी माझ्या सदऱ्याचं बटण लावत होती. दोरा दाताने तोडून म्हणाली, "बाबा, मास्तर माप चुकत नाहीत."

तेव्हा तू कडाडलास. कोट आणि इमारत एकच का, वेड लागलंय का तुला, कोट पुन्हा उसवता येतो, सही उसवता येत नाही. वाक्य फार चांगलं होतं, ढब्बू. मनात मी दादसुद्धा दिली. आणि तिने काय उत्तर दिलं ते आठवतं ना? "दादा, मला दिलं असतं तर मला आवडलं असतं. खूप आवडलं असतं. पण मला नाही दिलेलं." तू दार आपटून गेलास. तुला वाटलं, हिला कशाची गरजच नाही, ही वर ढगात राहते, बापासारखी.

तर ऐक. तू गेल्यावर एकदा मी तिला डबा द्यायला दुकानात गेलो. ती खाली नव्हती. जिना चढलो तर वरच्या खोलीत एकटी उभी, टेप घेऊन खिडकी मोजत होती. पडद्यासाठी. मला बघून तिने टेप गुंडाळला आणि चोरी पकडल्यासारखी हसली. नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून ती आमच्या बाहेरच्या खोलीत झोपते, जिथून येणारा जाणारा प्रत्येक जण जातो. दाराला आतून कडी असलेली एक खोली माणसाला किती हवी असेल, ते मला त्या हसण्यात कळलं. मी म्हटलं, चिमे, मास्तरांनी खरंच तुला दिलं असेल तर? आता त्यांना विचारता येत नाही. ती म्हणाली, "तेच तर. रोज तेच डोक्यात येतं. पण बाबा, मला जे सोयीचं आहे तेच मास्तर म्हणाले असतील, असं मी कसं धरू?" मग आम्ही दोघांनी तिथेच खिडकीत बसून डबा खाल्ला. ऊन तिरपं आत येत होतं. मला आमच्या शाळेचा वर्ग आठवला. कवितेचा अर्थ सांगताना कुणी आपल्याच पदरचं काही घातलं की गुरुजी छडीने फळ्यावर टकटक करायचे. म्हणायचे, कवीला बोलू दे की रे, तू कशाला बोलतोस.

वकिलांकडे ती मला घेऊन गेली. त्यांनी चष्मा काढून दोनदा विचारलं, "बाई, समजतंय ना काय करताय?" तिने मान हलवली आणि सही केली. तिथून आम्ही दुकानात आलो. काम नव्हतं तरी धाकटे मास्तर मशीनपाशी बसून होते. चिमीने किल्ली त्यांच्यापुढे ठेवली आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, "मोठ्या मास्तरांनी सांगितलंय, हे तुमचं."

त्यांनी किल्ली बोटांनी जवळ ओढली. मग सवयीने म्हणाले, "सांग त्यांना..." आणि थांबले. तिघांचंही लक्ष त्या लांब टेबलाकडे गेलं. पंपघरात मोटार अचानक बंद पडली की कान कसे भांबावतात, तसं झालं मला. शेवटी धाकटे उठले, त्या टेबलापाशी गेले, कात्री उचलली, आपल्या बाहीला पुसली आणि चिमीपुढे धरली. म्हणाले, "मला बेतता येत नाही. मला सरळ टीप मारता येते. दुकानाला मास्तर लागतो." माणसाला इतकी वाक्यं एकापाठोपाठ बोलता येतात, हे मला त्या दिवशी कळलं. वरच्या खोलीत राहतेस का, असंही त्यांनी विचारलं. ती नको म्हणाली. का, ते मला नीट उमगलेलं नाही. अजून आमच्या बाहेरच्याच खोलीत झोपते.

काल मी काहीतरी निमित्त काढून दुकानावरून गेलो. एक जाडजूड गृहस्थ आत शिरले आणि विचारलं, "मास्तर आहेत का?" धाकट्यांनी मशीन न थांबवता हनुवटीनेच खिडकीकडे दाखवलं. तिथे चिमी, कानामागे खडू, गळ्यात टेप. "बोला," म्हणाली. ते गृहस्थ जरा गडबडले, मग मुकाट्याने हात पसरून मापाला उभे राहिले. मी फुटपाथवर उभा होतो. येणाऱ्या जाणाऱ्याला धरून सांगावंसं वाटत होतं की ती आत आहे ना, ती माझी. तुझ्या आईला घरी येऊन सांगितलं. ती कुरकुरली, "दुकान गेलं आणि मास्तरकी आली, काय करायची चाटून?" पण संध्याकाळी तिनेच शेजारणीला सांगितलं, कपडे शिवायचेत ना, आमच्या चिमीकडे टाक, ती माप चुकत नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. सही झाली त्या दिवशी फोनवर तू मला म्हणालास, "तिला सांगा, मला बहीण नाही." मी ते तिला सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. ती रोज विचारते, दादाचा फोन होता का, काय म्हणाला. मी म्हणतो, आवाज नीट येत नव्हता. ती "बरं" म्हणते आणि पुढे विचारत नाही. इतकी वर्षं दोन भावांच्या मधे बसलेल्या बाईला, कोणी एक वाक्य स्वतःकडे ठेवलं आहे, हे कळत नसेल का? पण ढब्बू, या घरात मला ते मधलं टेबल मांडायचं नाही. मी म्हातारा झालो, मी गेल्यावर तिथे तुझी आई बसेल, आणि मग कोण? तुला जे म्हणायचं आहे ते तिच्या तोंडावर म्हण. भांड, कडाड, दार आपट, ते तुला छान जमतं. ती ऐकून घेईल आणि बहुतेक तुला उत्तरही देईल. दुकान सकाळपासून उघडं असतं. आणि यायला जमत नसेल तर फोन कर, पण मला करू नकोस. तिचा नंबर तुझ्याकडे आहे.

तुम्हा दोघांचाही, आणि म्हणून तुझाच,
बाबा