बासुंदीची भरलेली वाटी

खराडी, पुणे

प्रिय यमुना,

तुझे गुडघे आणि आपली तुळस दोन्ही बरी असोत. फोन तू मध्येच ठेवतेस, म्हणून लिहितो.

काळजी करू नकोस, मी शब्द दिलेला नाही. आपल्या संतोषने काल स्पृहाला आणि तिच्या वडिलांना, दिगंबररावांना, मंडईजवळ शाकाहारी थाळी जेवायला बोलावलं होतं. तिथे गोड आधी वाढतात. तू बजावलं होतंस, "पहिलं लग्न मोडलेली मुलगी आहे. मी हो म्हणेपर्यंत त्यांच्यासोबत तोंड गोड करायचं नाही." म्हणून बासुंदी बाजूला सारून मी नुसती पोळी मोडत बसलो.

"काका, बासुंदी तशीच?" वाढप्याने विचारलं.

"डॉक्टरांनी बंद केलीय."

मी चमचा लावल्याशिवाय मुलीचा बाप कसा लावणार? दिगंबरराव म्हणाले, "मलाही बंद आहे. आपले डॉक्टर एकच दिसतात."

संतोष नुसतं पाणी पीत माझ्याकडे बघत होता. मला ते सोसेना, म्हणून चौथीतली नदीची कविता म्हणू लागलो आणि दुसऱ्या कडव्याला अडलो. स्पृहाने ताटातून मान वर न करता पुढची ओळ सांगितली. तूही अशीच सांगायचीस, चुलीपुढून.

उठलो तेव्हा दोन्ही वाट्या भरलेल्याच होत्या. संतोष तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. तुझ्याशी बोलतो का गं?

रागावू नकोस, पण पुढच्या रविवारी मी दिगंबररावांना पुन्हा तिथेच बोलावलंय. त्याआधी कळव. यमुना, मला बासुंदी खायची आहे.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
उत्तरेश्वर